तक्त्यात आपली लेक कुठे?

‘पिसा’चा, म्हणजे देशोदेशीच्या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीचा, निकाल बातम्यांत झळकला की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या पालकांची एकच तक्रार असते: “जगाच्या मानाने आपली मुलं फार मागे आहेत हो!” पूर्वी पालक फिनलंडचं नाव घ्यायचे, आता सिंगापूरचं.

एका बाबांनी तर तक्ताच मोबाइलमध्ये जपून ठेवला होता. 2022, गणित : सिंगापूर 575, ओईसीडी (ही चाचणी घेणारी, बहुतांशी श्रीमंत देशांची संघटना) देशांची सरासरी 472. शेजारी त्यांची पंधरा वर्षांची लेक पेनाचं टोपण काढत-लावत बसली होती. रोज रात्री तिला हे आकडे ऐकवले जात.

दोन भेटी त्यांचं ऐकण्यातच गेल्या. तिसऱ्या भेटीत मी तक्ता मागून घेतला. “यात हिचे गुण कुठे आहेत?”

“हिचे कसे असतील मॅडम? हिने कुठे ती परीक्षा दिली?”

“मग जिने दिली, तिचे दाखवा.”

त्यांनी बराच वेळ स्क्रीन वर-खाली केला.

मी सांगितलं, सापडणार नाहीत. पंधरा वर्षांची काही मुलं नमुना म्हणून निवडतात. प्रत्येकाच्या वाट्याला सगळे प्रश्न येत नाहीत, काहीच येतात. हजारो मुलांची उत्तरं एकत्र करून देशाचा अंदाज बांधतात. एकेका मुलाला निकाल मिळतच नाही.

टोपण थांबलं. “म्हणजे सिंगापूरच्या मुलीलाही तिचे मार्क माहीत नाहीत?”

बाबा हसले. पहिल्यांदाच. समजावून सांगण्यापेक्षा विचार तपासायला लावण्यावर माझा भरवसा आहे तो अशा क्षणांमुळे. (तो प्रश्न मला सुचायला हवा होता, हेही कबूल करते.) हाडामांसाच्या लेकीची तुलना ते एका सरासरीशी करत होते, आणि सरासरी काही कुणाच्या घरी जेवायला बसत नाही.

तक्ता निरुपयोगी आहे असं मात्र मी पालकांना सांगत नाही. 2000 सालच्या पहिल्या फेरीतून जर्मनीला कळलं की आपण सरासरीच्या खाली आहोत, आणि घरच्या परिस्थितीचा मुलांच्या कामगिरीवर फार प्रभाव पडतो. त्यातून तिथली धोरणं हलली. ते काम सरकारचं. घरी तक्ता वाचताना मात्र जपून वाचा. चार-पाच गुणांनी वर-खाली दिसणारे देश प्रत्यक्षात बरोबरीतही असू शकतात. 2018 मध्ये चीनच्या नावापुढचे आकडे बीजिंग, शांघाय, च्यांग्सू, चच्यांग एवढ्याच भागांचे होते. आणि एकाच देशातल्या दोन मुलांमधलं अंतर बहुतेकदा दोन देशांच्या सरासऱ्यांमधल्या अंतराहून मोठं असतं.

पुढच्या भेटीला बाबा तिची गणिताची वही घेऊन आले. “कुठे अडतं गं?”

तिने एका ओळीवर बोट ठेवलं. “इथे. कंस सोडवताना चिन्ह बदलायचं राहतं.”