वकिलाने लिहिलेला नीरो

प्रश्न : मी साताऱ्यात दिवाणी दावे चालवते आणि कविताही लिहिते. घरचे म्हणतात, "एक काहीतरी धर." इटालियन संगीतकार मोंतेवेर्दीच्या 'पोप्पेआचा राज्याभिषेक' या ऑपेराची संहिता एका वकिलाने लिहिली, असं कानावर आलं. हा कोण? त्याने वकिली सोडली होती का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : नाही, सोडली नव्हती. मी स्वतः सव्वीस वर्षं दिवाणी कोर्टात उभी राहिले, त्यामुळे या माणसाबद्दल विचारलंत याचा मला मनापासून आनंद झाला.

जोव्हान्नी फ्रांचेस्को बुसेनेल्लो. जन्म 1598 चा, व्हेनिसमधला. पादुआला कायदा शिकून तो 1623 पासून वकिली करू लागला. व्हेनिसमध्ये 1637 साली तिकीट काढून कुणालाही ऑपेरा पाहता येईल असं पहिलं नाट्यगृह उघडलं आणि त्या लाटेत हा वकील संहिता लिहू लागला. 1656 मध्ये त्याने पाच संहिता एकत्र छापल्या. पुस्तकाचं नाव काय, तर 'फावल्या वेळातलं'! नावाला भुलू नका. फावल्या वेळात इतकं धारदार लिहून होत नाही.

'पोप्पेआ' 1643 च्या कार्निव्हलमध्ये, म्हणजे व्हेनिसच्या उत्सवी हंगामात, रंगमंचावर आलं. पहिल्या अंकात रोमचा सम्राट नीरो आणि त्याचा गुरू सेनेका समोरासमोर येतात. नीरोला बायको ऑक्टाव्हियाला टाकून प्रेयसी पोप्पेआशी लग्न करायचंय. तो म्हणतो, कायदा चाकरी करणाऱ्यांसाठी असतो, मी जुना मोडून नवा आणू शकतो. सेनेका सिनेटची, लोकांची आठवण देतो. नीरोला पर्वा नाही. निदान स्वतःच्या नावाची तरी चाड ठेव, म्हटलं तर उत्तर येतं : जो मला नावं ठेवील त्याची जीभ उपटीन. वाक्याला वाक्य भिडत जातं, सवाल संपायच्या आत जबाब हजर. हे अशिलाची बाजू मांडून मांडून हात बसलेल्याचंच लिखाण आहे. नीरोला त्याने लेचापेचा ठेवला नाही, विरोधी पक्षाची कैफियतही तेवढ्याच ताकदीने लिहिली. आणि निकाल नीरोच्याच बाजूने लागतो! सेनेकाला मरणाचा हुकूम, पोप्पेआला मुकुट. ऑक्टाव्हियाही निष्पाप नाही, ती पोप्पेआने झिडकारलेल्या ओत्तोनेला धमकावून तिच्या खुनाला धाडते. तरी हद्दपार होऊन रोमचा निरोप घेताना ऑक्टाव्हियाचे शब्द ऐकून मला दरवेळी रडू येतं.

एक सांगून ठेवते. शेवटचं 'पुर ती मिरो' हे द्वंद्वगीत सगळ्यात गाजलं, पण बुसेनेल्लोने छापलेल्या संहितेत ते नाही. तेव्हा त्याला जोखायचं तर नीरो-सेनेकाचाच प्रवेश घ्या. मोठ्याने वाचा, आधी सेनेकाचं वकीलपत्र घेऊन, मग नीरोचं.