इस्लामी वर्षातील चार पवित्र महिने कोणते, आणि रमजान त्यांत का नाही?

मोहरम, रज्जब, जिल्काद आणि जिल्हेज हे ते चार महिने होत. कुराणाच्या नवव्या सूरेतील (अध्यायातील) ३६व्या आयतीत (वचनात) बारांपैकी चार महिने पवित्र असल्याचे सांगितले आहे. त्यांची नावे मात्र हदीसमधून, म्हणजे प्रेषित मुहंमदांच्या वचनांच्या संग्रहांतून, कळतात. या महिन्यांत युद्ध निषिद्ध मानण्याची रूढी अरबस्तानात इस्लामपूर्व काळापासून होती. जिल्काद, जिल्हेज आणि मोहरम लागोपाठ येत असल्याने दूरच्या टोळ्यांना मक्केला जाऊन, जिल्हेजच्या पूर्वार्धातील हजचे विधी आटोपून सुखरूप घरी परतता येत असे. वेगळा येणारा रज्जब उमऱ्याच्या, म्हणजे हजखेरीज मक्केला केल्या जाणाऱ्या छोट्या यात्रेच्या, प्रवासाला सोयीचा होता. रमजानचे श्रेष्ठत्व या युद्धबंदीशी निगडित नाही. ते कुराणाच्या अवतरणामुळे आणि महिनाभराच्या रोज्यांमुळे आहे, आणि श्रद्धावंतांच्या मनात त्याचे स्थान, माझ्या मते, या चारही महिन्यांहून वरचे आहे.