ताईंना जसाच्या तसा पुढे पाठवता येईल असा मेल लिही

तू सांगलीत मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहेस, प्रोजेक्ट ई-स्कूटरच्या बॅटरी पॅकच्या कूलिंगवर आहे. कॉलेजच्या सीनिअर ताईंच्या ओळखीचे एक सर पुण्यात बॅटरी टेस्टिंगमध्ये आहेत. त्यांच्याशी ओळख करून द्या, असा मेल ताईंना करून तीन आठवडे झाले; त्या टाळताहेत का, असं तू विचारलं आहेस.

तसं वाटत नाही. ‘रेझ्युमे जोडला आहे, सरांना सांगून काही होतं का बघा’ एवढंच तू लिहिलंस. आता सरांना काय लिहायचं, हे ताईंनाच जुळवावं लागणार, आणि ऑफिसच्या धावपळीत ते मागेच पडतं. शिवाय नोकरीसाठी शब्द टाकायचा म्हणजे तुझी हमी घेणं आलं. तिथे कुणीही कचरतं.

दोन मेल पाठव. पहिला फक्त ताईंसाठी, चार ओळींचा: सरांशी कितपत ओळख आहे (लिंक्डइनवर जोडलेले असले म्हणजे ओळख असतेच असं नाही), आधी त्यांना विचारून मगच माझा मेल पुढे पाठवा, आणि अवघड वाटलं तर निःसंकोच नाही म्हणा. शेवटची ओळ अजिबात गाळू नकोस.

दुसरा मेलही ताईंनाच, पण सरांकडे पुढे पाठवण्यासाठी; तो वेगळा, नव्याने सुरू केलेला. फॉरवर्ड केल्यावर खालचा सगळा संवाद सरांना दिसतो. विषय: ‘ओळखीची विनंती: ई-स्कूटर बॅटरी कूलिंग प्रोजेक्ट’. मजकूर 120 शब्दांच्या आत. पॅक किती सेलचा, तापमान कुठे मोजलंस, कुठे अडलं आहे, हे आकड्यांसह लिही. मग विनंती (एआयएस-156 म्हणजे ई-स्कूटरसारख्या गाड्यांच्या बॅटरी सुरक्षेचं भारतीय मानक; थर्मल प्रोपगेशन म्हणजे एका सेलची उष्णता शेजारच्या सेलमध्ये पसरत जाणं): ‘एआयएस-156 मधली थर्मल प्रोपगेशन चाचणी डोळ्यांसमोर ठेवून दोन सेलमधलं अंतर कसं ठरवतात, हे समजून घ्यायचं आहे. फोनवर 15 मिनिटं पुरेत. मंगळवार ते गुरुवार संध्याकाळी 6 नंतर मी मोकळी आहे.’ नोकरीचं नावही काढू नकोस. प्रोजेक्टची एक पानी पीडीएफ जोड. ड्राइव्हची लिंक नको, तिची परवानगी खुली करायची हमखास राहून जाते.

ताईंनी दोघांना जोडणारा मेल केला की 24 तासांत तूच उत्तर दे. पहिल्या ओळीत ताईंचे आभार मान आणि त्यांचा पत्ता बीसीसीत टाक, म्हणजे वेळ ठरवायचे पुढचे मेल त्यांच्याकडे जात नाहीत. सरांचं उत्तर आलं नाही तर आठवड्याने एकच आठवण, त्यापुढे नाही. बोलणं झालं की काय कळलं ते दोन ओळींत ताईंना लिही.

जुन्या मेलचा विषय मात्र ताईंकडे काढू नकोस.