'चाओ पांतँ' हा फ्रेंच चित्रपट सूडपट आहे का? शेवटी लांबेरला शांती मिळते का?

नाही मिळत. आणि याला सूडपट म्हणणाऱ्यांशी मी वर्षानुवर्षं भांडत आलोय, त्यात माझा थोरला भाऊ पहिला.

क्लोद बेरीचा 1983 चा हा सिनेमा. लांबेर पॅरिसच्या 18 व्या विभागात रात्रपाळीला पेट्रोल भरतो आणि पीत बसतो. एका रात्री बेन्सुसान नावाचा पोरगा पंपावर आडोशाला येतो. किरकोळ गर्द विकणारा. मग येतच राहतो. मी स्वतः हायवेवरच्या एका पंपावर तीन वर्षं रात्रपाळी केली आहे. रात्री दोन ते चार ही वेळ ज्यानं पंपावर काढली, त्याला लांबेर त्या पोराला का बसू देतो हे सांगावं लागत नाही.

आमच्याकडेही एक यायचा. शेजारच्या पंक्चरच्या टपरीवरचा, सतरा-अठराचा. चहाचा ग्लास ऑइलच्या डब्यावर ठेवायचा, माझ्याकडच्या चिंध्यांना हात पुसायचा आणि पाळी बदलताना मीटरचे आकडे मला वाचून दाखवायचा. पुढे पुढे त्याच्या तोंडाला वास यायला लागला. मला कळत होतं. मी बोललो नाही, कारण बोललो असतो तर तो यायचा बंद झाला असता, आणि मला रात्र काढायला कुणीतरी हवं होतं. एका पहाटे तो ढाब्यामागं मरून पडलेला सापडला. हातभट्टीची प्यायला होता.

आम्ही चौघांनी जाऊन त्या भट्टीवाल्याचे कॅन फोडले, त्याला बेदम मारलं. घरी आल्यावर दादा म्हणाला, "झालं ना? फिटलं आता." त्या रात्री कामावर गेलो. दोन वाजले. ग्लास डब्यावर तसाच, तळाशी चहाची पूड वाळलेली.

म्हणून सांगतो, फिटत नाही. बेन्सुसानला लांबेरच्या डोळ्यांदेखत मारतात आणि मग लांबेर त्या मारेकऱ्यांच्या मागं लागतो, इथवर सूडपटच वाटतो. पण लांबेर पूर्वी पोलिसात होता आणि त्याचा स्वतःचा मुलगा गर्दच्या नशेत गेलाय, हे कळलं की त्याचं प्रत्येक खून करणं वेगळं दिसायला लागतं. एक माणूस मारला तरी त्याचा चेहरा हलका होत नाही. शेवटी तोही गोळी खाऊन पडतो, आणि मला तर वाटतं तो तिकडंच निघाला होता.

लांबेर केलाय कोलूशनं. हा फ्रान्सला पोट धरून हसवणारा माणूस, 1981 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत उतरायला निघालेला. 1982 च्या जुलैत त्याचा मित्र, नट पात्रिक दवेर, यानं आत्महत्या केली. पुढच्याच वर्षी हा सिनेमा आला. कोलूश यात जवळजवळ बोलतच नाही, नुसता जड पावलांनी चालतो. 1984 ला सिनेमाला पाच सेझार, म्हणजे फ्रान्सचे मोठे चित्रपट पुरस्कार, मिळाले, एक त्याला आणि दोन एकट्या बेन्सुसान झालेल्या रिशार आंकोनिनाला. विनोदी नटाला गंभीर काम जमत नाही म्हणणाऱ्यांनी हे काम बघावं.

तुमच्या घरात कुणी असं काही मनात घेऊन बसलं असेल तर कृपा करून "तुझा काय दोष" म्हणू नका. माझा दोष होता. दादानं तेवढं एकदा ऐकून घेतलं असतं तरी पुष्कळ होतं. वीस वर्षं झाली, तो अजून "फिटलं" म्हणतो आणि मी ताटावरून उठतो.

शेवट सांगून टाकला, आधी कळवायला हवं होतं, माफ करा. टोळीवाल्यांचा भाग मला बेताचाच वाटला, आणि बेन्सुसानच्या ओळखीची लोला (काम आन्येस सोरालचं), हिच्याबरोबरचे लांबेरचे प्रसंग काहींना संथ वाटतील. संवाद गल्लीबोळातल्या फ्रेंचमधले आहेत, शिकवणीतल्या फ्रेंचवर भागत नाही. सबटायटल्स लावूनच बसा, आणि शक्यतो रात्री.