हजारी ९७३ म्हणजे बरोबरी झाली काय?

प्रश्न : ताई, मी खानापूर तालुक्यातला. परवा जत्रेत कोल्हापूरच्या पाहुण्यांशी वाद झाला, मी म्हटलं २०११ च्या जनगणनेत आमच्या बेळगाव जिल्ह्यात हजार पुरुषांमागं ९७३ बायका, तुमच्याकडं ९५७, म्हणजे आमच्यात बायकांना किंमत जास्त. ते नुसते हसले. माझं चुकलं काय?

उत्तर : आकडे बरोबर आहेत दादा, अर्थ तेवढा घाईनं काढलात. ९७३ मध्ये म्हातारीपासून तान्ह्या पोरीपर्यंत सगळ्या आल्या, आणि बाप्ये पोटामागं बाहेरगावी गेले की हा आकडा आपोआप चढतो. रत्नागिरीत हजारी ११२२ आहे, म्हणून तिथं काय बायकांचं राज्य आहे होय, गडी मुंबईला गेलेत एवढंच. त्यापेक्षा सहा वर्षांपर्यंतच्या पोरांचा आकडा बघा, ती काय नोकरीला जात नाहीत. तिथं आपण ९३४. २००१ ला ९२१ होतो, म्हणजे थोडं सुधारलो, आणि कोल्हापूर ८६३ वर आहे तेव्हा पाहुण्यांनीही फार हसू नये! पण कर्नाटकाची सरासरी ९४८, आपण तिच्याही खाली, हे जत्रेत सांगितलं नसणार तुम्ही.

शाळेचा आकडा मला जास्त टोचतो. जिल्ह्यात पुरुष साक्षर ८२ टक्के, बायका साडेचौसष्ट. २००१ ला हाच फरक तेवीस टक्क्यांचा होता, दहा वर्षांत अठरावर आला, चांगलंच आहे, पण शंभरातल्या पस्तीस बायकांना बसची पाटी वाचता येत नव्हती हो, कन्नडही नाही आणि मराठीही नाही, आणि आम्ही पाटी कुठल्या भाषेत लावायची यावर भांडत बसलेलो.

जमिनीच्या उताऱ्यावर नाव कुणाचं हे तर जनगणना विचारतच नाही. वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाएवढा वाटा कर्नाटकात १९९४ पासून आहे, देशभर २००५ ला झाला, तरी बहिणीकडनं हक्कसोडपत्रावर सही घेतल्याशिवाय भावांना झोप येत नाही. तुमच्या घरच्या उताऱ्यावर बघा एकदा, मग पाहुण्यांना फोन लावा.

प्रश्न : अक्का, मी निपाणीजवळची, घरी बिड्या वळते. गणतीवाले आले की काय सांगू? मागच्या वेळी सासऱ्यांनीच सगळं सांगितलं.

उत्तर : बाई गं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. २०११ ला आम्हा शिक्षकांना गणतीची ड्युटी होती, एका घरात मामंजींना विचारलं सूनबाई काय करतात, तर म्हणाले ती काय, घरीच असते. आणि ती तिथंच उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन बसलेली, सुपात पानं नि तंबाखू, बोटं पिवळी, आमच्याशी बोलतानासुद्धा वळायची थांबली नाही. हजाराच्या हिशेबानं पैसे मिळतात का म्हटल्यावर मामंजी म्हणाले, ते काय काम आहे होय! मी काम म्हणूनच लिहिलं. पण उन्हात शंभर घरं फिरायची असली की प्रत्येक ठिकाणी कोण एवढं खोदून विचारतो, त्यामुळं कामाच्या रकान्यात बायका कमी दिसतात त्यावर माझा तरी फार भरवसा नाही.

नियम सोपा आहे. वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केलं तर मुख्य कामगार, कमी केलं तर सीमांत. घरच्या शेतात बिनपगारी राबलात तरी ते काम, म्हशीचं दूध घरीच खपलं तरी काम. रांधणं-वाढणं तेवढं धरत नाहीत, त्यावर मी बोलायला लागले तर संपादक कात्री लावतील.

२०२१ ची गणती झालीच नाही, आता २०२७ ची आहे. गणतीवाले आले की सासऱ्यांच्या शेजारी येऊन बस, सूप बाजूला ठेवू नको, आणि महिन्याला किती हजार वळतेस ते तूच सांग.