फाइलीतली डिस्क: वाचकांचे प्रश्न

साध्या फाइलीला डिस्कचं रूप देणाऱ्या आदेशांविषयी आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडून इथे घेतले आहेत. बहुतेक प्रश्न लिनक्सचे आहेत, शेवटचा एक बाहेरचा. आदेशांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. डिस्क म्हणून वापरायच्या फाइलीला ‘इमेज’ म्हणतात. लोसेटअप हा आदेश ती लूप०सारख्या ‘लूप डिव्हाइस’ला, म्हणजे आभासी डिस्कला जोडतो किंवा त्यापासून सोडवतो (डिटॅच). माउंट करणं म्हणजे तिच्यातल्या फाइली वापरासाठी उघडणं.

प्रश्न: माउंट केलेली इमेज उतरवली आणि लोसेटअपला डिटॅच करायला सांगितलं. एररही आला नाही. तरी यादीत लूप० अजून दिसतंच आहे. वैतागून इमेज फाइल डिलीट केली, पण डिस्कवरची जागा काही मोकळी होत नाही.

एरर आला नाही म्हणजे काम झालं, असं इथे धरता येत नाही. लिनक्स कर्नल ३.७ पासून डिटॅचची वागणूक बदलली. डिव्हाइस वापरात असेल तर पूर्वी ‘बिझी’ असं तोंडावर सांगितलं जायचं. आता कर्नल निमूटपणे त्यावर ‘ऑटोक्लिअर’ची खूण करतो आणि शेवटचा वापरणारा दूर झाला की ते सोडतो. तेव्हा अजून कुणीतरी ते धरून बसलंय.

कोण, ते एलएसबीएलके या आदेशाच्या झाडासारख्या यादीत पाहा. लूप०च्या खाली एलव्हीएमचा (डिस्कची जागा वाटून देणारी व्यवस्था) व्हॉल्यूम किंवा क्रिप्टसेटअपने (एन्क्रिप्शनचा आदेश) उघडलेलं मॅपिंग लोंबकळताना दिसेल. इमेजमध्ये एलव्हीएम असेल तर काही सिस्टिम ते दिसताक्षणी आपणहून सुरू करतात आणि वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. खाली काहीच नसेल तर संशय कंटेनरवर (वेगळ्या कप्प्यात चालणाऱ्या प्रोग्रॅमवर) घ्या: त्याच्या स्वतंत्र माउंट नेमस्पेसमध्ये, म्हणजे माउंटच्या वेगळ्या यादीत, तुमचं माउंट अजून जिवंत असू शकतं, आणि तुमच्या टर्मिनलमधून ते दिसत नाही. वरचा थर आधी बंद करा, लूप आपोआप सुटेल.

जागेचं कारणही हेच. डिलीट केल्यावर फाइलीचं फक्त नाव गेलं. कर्नलने ती उघडी ठेवली आहे तोवर मजकूर डिस्कवरच राहतो. म्हणूनच डिस्कवरची जागा सांगणारा डीएफ ती भरलेली दाखवतो आणि फाइलींनी घेतलेली जागा मोजणाऱ्या डीयूला ती फाइल सापडतच नाही. लोसेटअपच्या यादीत अशा फाइलीपुढे ‘डिलीटेड’ असं लिहिलेलं दिसेल.

एक गोष्ट न विचारता सांगतो. जुनं डिव्हाइस सुटलेलं नसताना तीच फाइल दुसऱ्या लूपला जोडून दोन्ही माउंट करू नका. दोन डिव्हाइसं एकमेकांना न विचारता त्याच बाइटांवर लिहितात आणि फाइलसिस्टिमचा (फाइली मांडून ठेवणाऱ्या रचनेचा) चुराडा होतो. जोडताना ‘नोओव्हरलॅप’ हा पर्याय देण्याची सवय लावा.

प्रश्न: ट्रंकेटने १० जीबीची फाइल केली. एलएस १० जीबी दाखवतो, डीयू जवळजवळ शून्य. खरं कोण?

दोघंही. ट्रंकेटने केलेली फाइल ‘स्पार्स’ असते: लांबी नोंदलेली, पण जागा घेतलेली नाही. लिहाल तसे ब्लॉक मिळत जातात. चाचणीसाठी हे उत्तम, महत्त्वाच्या डेटासाठी मला पसंत नाही. आतली फाइलसिस्टिम १० जीबी आपलेच समजून चालते. बाहेरची डिस्क मध्येच भरली तर तिला ‘जागा संपली’ असं न कळता थेट आय/ओ एरर मिळतो, जणू डिस्कच खराब झाली. जागा खरोखर राखायची असेल तर फाइल एफअ‍ॅलोकेटने करा.

आत फाइली पुसल्या तरी बाहेरची फाइल हलकी होत नाही, अशी तक्रारही याच पत्रात आहे. माउंट असतानाच त्यावर एफएसट्रिम (रिकामे ब्लॉक खालच्या थराला कळवणारा आदेश) चालवा. बाहेर एक्सटी४ किंवा एक्सएफएस ही फाइलसिस्टिम असेल तर लूप ड्रायव्हर रिकाम्या ब्लॉकच्या जागी फाइलीत भोकं पाडतो. फक्त लक्षात ठेवा, एफअ‍ॅलोकेटने राखलेली जागाही त्याच वाटेने परत जाते.

प्रश्न: मेमरी कार्डाची पूर्ण प्रत डीडीने घेतली. माउंट करताना ‘फाइलसिस्टिमचा प्रकार चुकीचा’ असं येतं. कार्डातल्या पुसलेल्या फाइली परत मिळवायच्या आहेत.

पूर्ण कार्डाच्या प्रतीत सुरुवातीला पार्टिशन टेबल (डिस्कच्या भागांची यादी) असतं, फाइलसिस्टिम पुढे सुरू होते. पहिलं पार्टिशन अनेकदा २०४८व्या सेक्टरवर असतं. ५१२ने गुणलं की १०,४८,५७६ बाइटांचा ऑफसेट. पण हा गुणाकार करत बसू नका. लोसेटअपला ‘पार्टस्कॅन’ द्या, लूप०पी१ असं वेगळं डिव्हाइस तयार होईल, ते माउंट करा.

तुमचा हेतू पाहता ‘रीडओन्ली’ हा पर्याय लोसेटअपलाच द्या. माउंट करताना दिलेला ‘आरओ’ पुरेसा नाही. एक्सटी४ नीट बंद झालेली नसेल तर नुसत्या ‘आरओ’ माउंटमध्येही जर्नल (अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंद) पुन्हा चालवलं जातं, म्हणजे इमेजवर लिहिलं जातं. डिव्हाइसच रीडओन्ली असेल तर तसं होणार नाही. मग माउंट अडलं तर ‘नोलोड’ (जर्नल न चालवण्याचा पर्याय) जोडा. आणि मूळ इमेजची एक प्रत बाजूला ठेवून मगच प्रयोग करा.

प्रश्न: माउंट असलेली इमेज न उतरवता मोठी करता येते का? आणि लहान?

मोठी करता येते, बाहेरून आत जायचं. ट्रंकेटने फाइल वाढवा, लोसेटअपला ‘सेट-कपॅसिटी’ सांगून नवी लांबी वाचायला लावा, मग आतली फाइलसिस्टिम वाढवायला रीसाइझ२एफएस, किंवा एक्सएफएस असेल तर एक्सएफएस ग्रोएफएस. मधली पायरी विसरली की ‘आधीच पूर्ण आकारात आहे’ असं उत्तर मिळतं आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो. इमेजमध्ये पार्टिशन टेबल असेल तर आधी पार्टिशनही वाढवावं लागेल. पार्टिशन टेबल जीपीटी प्रकारचं असेल तर त्याची शेवटी ठेवलेली प्रत नव्या टोकाला हलवावी लागते.

लहान करताना क्रम उलटा, आणि उतरवणं सक्तीचं. आधी ईटूएफएसचेकने तपासणी, मग फाइलसिस्टिम हव्या त्या आकारापेक्षा थोडी जास्तच आक्रसा, डिटॅच करा, फाइल कापा, पुन्हा जोडून फाइलसिस्टिम टोकापर्यंत पसरवा. नेमक्या आकड्यावर कापायला गेलात तर शेवटचे काही ब्लॉक गमावण्याचा धोका आहे. एक्सएफएस लहान करण्याच्या भानगडीत पडू नका. नवी इमेज करून डेटा हलवा.

प्रश्न: मी काहीच जोडलेलं नाही, तरी यादीत ढीगभर लूप डिव्हाइसं आहेत आणि सगळी १०० टक्के भरलेली! काढून टाकू?

राहू द्या. उबंटूवर असाल तर ती स्नॅप पॅकेजं आहेत. प्रत्येक पॅकेज ही एक स्क्वॉशएफएस इमेज असते. ती फक्त वाचण्यासाठी आणि अगदी मापात बांधलेली, म्हणून नेहमी भरलेलीच दिसते.

प्रश्न: सोलारिस आणि फ्रीबीएसडीवर लोसेटअप नाही. पर्याय?

सोलारिसवर लोफायअ‍ॅडम. फाइलीचा पूर्ण मार्ग द्यावा लागतो, सापेक्ष मार्ग चालत नाही. डिव्हाइस लोफाय फोल्डरमध्ये १ पासून क्रमांक घेत येतं. तोच आदेश फाइल कॉम्प्रेसही करतो, पण कॉम्प्रेस केलेली इमेज मग फक्त वाचता येते. फ्रीबीएसडीवर एमडीकॉन्फिग, प्रकार ‘व्हीनोड’ निवडा. ‘मॅलॉक’ किंवा ‘स्वॅप’ प्रकारची डिस्कही अगदी तशीच दिसते आणि तशीच चालते, मात्र तिच्यामागे तुमची फाइल नसते. मशीन रीबूट झालं की तिच्यातलं सगळं गेलं.