केसपेपरवरचं ‘एल’

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. प्रबंधातल्या एआरडीएसच्या, म्हणजे दाहाने फुफ्फुसं अचानक निकामी झालेल्या, रुग्णांचे संगणकाने चार गट पाडले आणि गाइड विचारतात, संशोधक कॅल्फींना दोनच मिळाले, तुझे चार कसे? तो वाद घाल खुशाल. मला एवढंच सांग, ते गट पहिल्या दिवसाच्या आकड्यांवर पाडलेस ना? मग तिसऱ्या दिवशी तोच माणूस कुठल्या गटात होता? परत बघितलंस?

कॅरोलिन कॅल्फींचं २०१४ चं काम तुला पाठ असणार. जास्त दाहाचा गट सुमारे ३० टक्क्यांचा. रक्तात दाहाचं इंटरल्यूकिन वर, आम्ल रोखणारं बायकार्बोनेट खाली, मृत्यू जास्त. पुढे सिमव्हास्टॅटिन या औषधाचा फायदा त्याच गटात दिसला, त्याच्याच जातीच्या रोसुव्हास्टॅटिनचा तिथेही नाही. असो. तू २०१९ ची फ्रान्समधली ‘लाइव्ह’ चाचणी नीट वाच. फुफ्फुस एका भागात बिघडलंय की सगळीकडे, हे एक्स-रे आणि सीटीवरून ठरवून व्हेंटिलेटर लावायचा. ४०० पैकी ८५ जण चुकीच्या गटात गेले, आणि ज्यांना त्यामुळे उलटे उपचार मिळाले त्यांच्यात मृत्यू वाढले. परत बघ म्हणतो ते उगाच नाही.

२०२० मध्ये कोविडच्या फुफ्फुसांचे अतिदक्षतातज्ज्ञ गॅटिनोनींनी ‘एल’ (मऊ) आणि ‘एच’ (कडक) असे प्रकार सांगितले होते. मी एका पन्नाशीच्या गृहस्थांच्या केसपेपरवर लाल पेनाने ‘एल’ लिहिलं. लंग्ज सॉफ्ट, म्हणून टायडल व्हॉल्यूम, म्हणजे एका श्वासाची हवा, सढळ: किलोला आठ मिली. तीन दिवस राउंडला सगळ्यांनी ते अक्षर वाचलं, मीसुद्धा. चौथ्या दिवशी पहाटे सिस्टर म्हणाल्या, “सर, प्लॅटो रात्रीपासून ३४ आहे.” म्हणजे फुफ्फुसातला दाब फार वाढलेला, फुफ्फुस कडक झालेलं. मग व्हॉल्यूम कमी केला, पालथं घातलं. उशीर झाला होता. ‘एल’चा ‘एच’ होऊ शकतो, हे त्याच लेखात लिहिलं होतं गं.

तेव्हा पीपीईमध्ये चष्म्यावर वाफ, बेड एकही रिकामा नाही. कोणी केलं असतं वेगळं? पण तो दाब मोजायचं इन्स्पिरेटरी होल्डचं बटण दाबायला किती वेळ लागतो, हेही मला माहीत आहे.

तर रेकॉर्ड रूममधून तिसऱ्या दिवसाचे एबीजी (रक्तातल्या वायूंचे रिपोर्ट) आणि व्हेंटिलेटर चार्ट काढ. धूळ असेल, मास्क लाव. गट पुन्हा पाड, आणि किती जण हलले ते मला कळव. गाइडना नंतर सांग.